पॉलिसी बंद, मग देणं कसलं?



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, 'अब्बांना आलेली नोटीस'. ते हसले. शिक्षण, रोजगार, संविधान अशा विषयांच्या रांगेत घराच्या विम्याची नोटीस जरा किरकोळच वाटते. पण आपल्या मोहल्ल्यात पोस्टमनने आणलेला इंग्रजी कागद कसा उघडला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी तो कपाटात जातो, घराच्या कागदांखाली. मग दोन-चार रात्री झोप लागत नाही. आणि एके दिवशी कुणालाही न विचारता पैसे भरून टाकले जातात.

आमच्या घरी नेमकं हेच झालं. २०२४ चा नोव्हेंबर होता. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम कटकट गेटजवळच्या आमच्या घरूनच करतो. दुपारी अब्बा लॅपटॉपशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, ये सिबिल क्या होता?" वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, त्याला सत्तरीत सिबिलशी काय घेणं? मी विचारत राहिलो, तेव्हा नऊ दिवसांपूर्वी आलेला कागद बाहेर निघाला.

एका विमा कंपनीचं पत्र होतं. आमच्या घराच्या पॉलिसीचं १ जून २०२३ पासूनच्या वर्षाचं नूतनीकरण झालं, हप्ता आला नाही, पॉलिसी लॅप्स झाली. सबब हप्ता ६,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,११६ रुपये, बँकेतून मँडेट परत आल्याचा खर्च ५०० रुपये, एकूण ७,८१६ रुपये सात दिवसांत भरा. नाहीतर कायदेशीर कारवाई आणि क्रेडिट स्कोअरवर परिणाम. पॉलिसीवर शहराचं नाव औरंगाबाद होतं, नोटिशीवर छत्रपती संभाजीनगर. नाव बदललं, पण मागणी बरोबर घर शोधत आली.

अब्बांनी फोनवरच्या माणसाला घाबरून लिंकवरून दोन हजार रुपये 'टोकन' म्हणून भरूनही टाकले होते. मी चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "दे देंगे ना बाकी भी. सात-आठ हजार की बात है, कोर्ट-कचेरी कौन करेगा?"

त्यांच्या मनात हिशेब पक्का का होता, ते मला नंतर समजलं. त्यांची आयुर्विम्याची एक पॉलिसी नव्वदच्या दशकात लॅप्स झाली होती. तेव्हा मागचे हप्ते व्याजासकट भरून त्यांनी ती पुन्हा चालू करून घेतली होती. लॅप्स म्हणजे थकबाकी, हे समीकरण तिथून डोक्यात बसलं. आयुर्विमा हा लांब मुदतीचा करार असतो. तो पुन्हा जिवंत करायचा असेल तर मागचे हप्ते भरावे लागतात, पण तेसुद्धा तुम्हाला तो जिवंत करायचा असेल तरच. घराचा विमा तसा नसतो. आमची पॉलिसी एका वर्षाची होती. ३१ मेच्या मध्यरात्री ती संपते आणि पुढचं वर्ष म्हणजे नवा करार. संपलेल्या वर्षाला पुन्हा जिवंत करायचं काही नसतं.

मग नव्या करारासाठी काय लागतं? १९३८ च्या विमा कायद्यात कलम ६४ व्हीबी आहे. १९६८ च्या दुरुस्तीने ते आलं. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा: हप्ता आगाऊ हातात आल्याशिवाय, किंवा कायद्याला मान्य अशी हमी वा ठेव मिळाल्याशिवाय, विमा कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही. हे बंधन आपल्यावर नाही, कंपनीवर आहे. या व्यवसायात उधारी नाही. किराणावाला वहीवर लिहून माल देतो, नंतर मागतो, ते बरोबरच आहे, कारण माल घरात आला. इथे माल म्हणजे जोखीम. हप्ता आला नाही तर जोखीम कंपनीकडे गेलीच नाही. मग मागता कशाचं?

उलट बाजूने बघा, म्हणजे लगेच कळेल. समजा डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या स्वयंपाकघरात सिलिंडरने पेट घेतला असता आणि आम्ही दावा केला असता. कंपनी काय म्हणाली असती? हप्ता आलेला नाही, पॉलिसी नाही, दावा नामंजूर. आणि कायद्याने ती बरोबर ठरली असती. नॅशनल इन्शुरन्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हेच सांगितलं. गाडीच्या हप्त्याचा चेक दिला, बँकेतून तो परत येण्याआधीच अपघात झाला, तरी कंपनीवर जबाबदारी येत नाही, कारण मोबदलाच मिळालेला नाही. (गाडीखाली सापडलेल्या तिऱ्हाइताच्या भरपाईचा प्रश्न वेगळा, तो यात मिसळू नका.) आता हाच निकाल उलटा वाचा. आग लागली तर पॉलिसी नव्हती, आणि आग लागली नाही तर पॉलिसी होती, हप्ता द्या? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

मी व्यवसायाने प्रोग्रामर आहे, त्यामुळे मला हा घोळ जरा ओळखीचा वाटला. बिलिंगच्या सिस्टिमवर मी काम केलंय. रात्री एक जॉब चालतो, मुदत संपायला आलेल्या पॉलिसी शोधतो, नूतनीकरणाचा कागद आधीच तयार करतो आणि बँकेकडे पैशाची मागणी पाठवतो. पैसे आले नाहीत तर तो कागद रद्द व्हायला हवा. ते कुठेतरी राहून जातं आणि नोंद 'येणे बाकी' म्हणून पडून राहते. दीड वर्षाने ती यादी वसुलीचं काम करणाऱ्या बाहेरच्या एजन्सीकडे जाते. आमच्या बाबतीत असंच झालं असावं, हा माझा अंदाज. कुणी कटकारस्थान केलं असं मला वाटत नाही. पण 'कायदेशीर कारवाई' हे शब्द त्या पत्राच्या साच्यात कुणीतरी माणसानेच लिहिले होते, आणि ते कुणाला घाबरवतात हे त्याला माहीत होतं.

मी काय केलं ते सांगतो. सगळ्यात आधी, ही नोटीस खरी आहे का ते पाहिलं. बंद पडलेल्या पॉलिसीच्या नावाने पैसे उकळणारे बनावट फोन आपल्याकडे भरपूर चालतात. म्हणून नोटिशीवरच्या नंबरवर फोन केला नाही. जुन्या पॉलिसीच्या कागदावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर लिहिलं. अब्बांचा क्रेडिट रिपोर्टही काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात घरकर्ज 'बंद' अशी नोंद होती, दुसरं काही नाही. तो कागद छापून अब्बांच्या हातात दिला, तेव्हा कुठे ते त्या रात्री झोपले. विम्याचा हप्ता म्हणजे कुणी दिलेलं कर्ज नव्हे, हे त्यांना माझ्या तोंडी सांगण्यापेक्षा त्या छापील कागदाने पटलं.

ईमेल लहान ठेवला. या काळात आमच्या घराची जोखीम तुमच्याकडे होती का, हो किंवा नाही सांगा. हो असेल तर हप्ता न घेता ती कलम ६४ व्हीबीखाली कशी घेतली ते सांगा. नाही असेल तर मागणी लेखी मागे घ्या आणि वडिलांकडून घेतलेले दोन हजार परत करा. बस. राग, अपमान, मोहल्ला, समाज यातलं काहीही त्यात लिहिलं नाही. लिहायची इच्छा खूप होती.

पहिलं उत्तर साच्यातलं आलं: ग्राहकाने ऑटो-रिन्यूअलला संमती दिली होती, रक्कम भरावी. इथे बरेच जण हात टेकतात. संमती मँडेटला होती, म्हणजे खात्यात पैसे असतील तर काढून घ्या, इतकीच. जोखीम उधारीवर चालू ठेवायला संमती देणं अब्बांच्याही हातात नव्हतं, कंपनीच्याही नव्हतं. कायदाच ते करू देत नाही. हे लिहून पुन्हा पाठवलं आणि त्याच दिवशी विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवली. टोल फ्री क्रमांक १५५२५५ आहे, ज्यांना पोर्टल जमत नाही त्यांनी तिथे फोन करावा.

पुढची पायरीही तयार ठेवली होती, विमा लोकपाल. आपला जिल्हा पुण्याच्या लोकपालाखाली येतो, कार्यालय नारायण पेठेत. कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना झाला, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की वर्षभराच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. भरलेल्या किंवा भरायच्या हप्त्यावरचा वाद हा त्यांच्या अधिकारात स्पष्ट लिहिलेला विषय आहे. हे मी जोर देऊन सांगतो, कारण लोकपाल फक्त नाकारलेल्या दाव्यांसाठी असतात असा समज आहे. त्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोग आहेच. आपण दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी लागत नाही.

तिथवर जावं लागलं नाही. पोर्टलवर तक्रार गेल्यावर अकराव्या दिवशी ईमेल आला: 'विशेष बाब म्हणून' मागणी रद्द करण्यात येत आहे. विशेष बाब! जणू खैरात. मी त्यावर लिहिलं की ही विशेष बाब नाही, नियम आहे. त्याला उत्तर आलं नाही. दोन हजार रुपये मात्र आणखी दोन आठवड्यांनी, एका आठवणीच्या ईमेलनंतर, खात्यात जमा झाले.

आता माझी चूक सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अब्बांचं घरकर्ज फिटलं. बँकेत मीच त्यांच्यासोबत गेलो होतो. खरेदीखत परत घेतलं, नो ड्यूज घेतलं, क्रांती चौकात जिलेबी खाल्ली, आणि जुनं खातं बंद करून टाकलं. विम्याचं मँडेट त्याच खात्यावर होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कर्जासोबत बँकेने काढून दिलेली पॉलिसी कर्जासोबतच जगते आणि मरते असं आपण धरून चालतो. त्या पॉलिसीवर बँकेचंही नाव असतं, ते काढून घ्यायचं असतं, तेही मी केलं नाही. सत्र-सव्वासत्र महिने नव्हे, नीट मोजलं तर सतरा महिने आमचं घर कुठल्याही संरक्षणाशिवाय उभं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. मार्च २०२३ मध्ये किराडपुऱ्यात गाड्या जळाल्या, तेव्हा पॉलिसी अजून चालू होती. मे २०१८ मध्ये शहागंज, नवाबपुऱ्यात दुकानं जळालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हे शहर असं आहे. तेव्हा मागणी चुकीची होती हे खरं, पण ती आली नसती तर पॉलिसी बंद पडलीये हे मला कदाचित आजही कळलं नसतं.

विमा घ्यावा की नाही यावर आपल्या घराघरांत मतभेद आहेत, त्यात मी आज पडत नाही. घ्यायचा असेल त्यांनी एवढं पाहा: एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला 'भारत गृह रक्षा' ही सारख्याच अटींची पॉलिसी द्यावी लागते. आग, पूर, भूकंप यांच्यासोबत दंगलीतलं नुकसानही तिच्यात येतं. ती एकदम दहा वर्षांपर्यंतही घेता येते, म्हणजे दरवर्षी मँडेटच्या भरवशावर राहायला नको. तळमजल्यावर दुकान असेल तर त्या दुकानाला मात्र ही पॉलिसी चालत नाही, त्यासाठी लहान व्यवसायांची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. आपल्या जुन्या शहरात खाली दुकान, वर घर, हीच पद्धत आहे. म्हणून हे आधी विचारा.

अब्बांनी आता पाच वर्षांची घेतली. हप्ता स्वतः भरला, पावतीवर तारीख पाहिली, पॉलिसीवर तारीख पाहिली, आणि पावती आधीची आहे ना, हे मला दोनदा विचारलं.

आमच्या गल्लीत ही बातमी पसरली, आणि पुढच्या जुम्म्याला शेजारच्या खाला स्वतःचा कागद घेऊन आल्या. "मेरा भी माफ करा दे रे." मी वाचला. ते बँकेचं कर्ज होतं, दोन हप्ते खरंच थकलेले. मी म्हणालो, खाला, हे देणं खरं आहे, हे भरावं लागेल. बँकेत जाऊन हप्ता विभागून मागू, मी सोबत येतो. त्या काही वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अपने बाप का तो माफ करा लिया." आम्ही सोमवारी बँकेत गेलो.