अरण्याची मोजदाद



वसंत ऋतूत अरण्यावर बोलायचे म्हटले, की पळस-पांगाऱ्याच्या वर्णनाची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज आकड्यांविषयी बोलणार आहोत. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. परंतु आकडाच चुकला, तर ज्या अरण्याचे वर्णन करायचे ते उरले आहे की नाही, हेही आपल्याला कळणार नाही.

एक उदाहरण घ्या. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८१ साली स्थापन झाली आणि १९८७ पासून ती देशातील वनाच्छादनाचे अहवाल काढीत आली आहे. १९९९ च्या अहवालात हे वनाच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर होते. २००१ च्या अहवालात ते ६,७५,५३८ झाले. म्हणजे जवळजवळ केरळ राज्याएवढे नवे अरण्य दोन वर्षांत उगवले काय? तसे काही घडले नव्हते. मुख्यतः मोजण्याची रीत बदलली होती. पूर्वी २५ हेक्टरांहून लहान तुकडे नकाशावर येत नसत. आता एका हेक्टराचा तुकडाही येऊ लागला. रीत सुधारली हे चांगलेच झाले. पण जुन्या आणि नव्या आकड्यांची वजाबाकी करण्याची सोय राहिली नाही. गज बदलल्यावर कापड वाढले असे कोण म्हणेल?

दुसरी अडचण व्याख्येची. एक हेक्टर वा अधिक जमिनीवर झाडांच्या छत्राची दाटी दहा टक्के असली, की ती जागा वनाच्छादनात धरली जाते. मालकी कोणाची, झाडे कसली, हा प्रश्न तेथे येत नाही. कोकणातील एखादी जुनी देवराई तोडून तिच्या जागी रबर लावले, तर काही वर्षांनी आकाशातून पाहणाऱ्याला पुन्हा हिरवेच दिसणार. हिशेबात खोट नाही. देवराई मात्र गेली!

मग करावे काय? याचे उत्तर उत्तरेकडील तीन लहान देशांनी शंभर वर्षांपूर्वी शोधले. नॉर्वेने १९१९ साली, फिनलंडने १९२१ साली आणि स्वीडनने १९२३ साली सबंध देशातील वनांची मोजणी सुरू केली. लाकूड हे त्यांचे धन. ते किती आहे आणि किती वाढते, हे कळल्यावाचून किती तोडावे हे ठरेना. प्रत्येक झाड मोजणे तर अशक्य. तेव्हा त्यांनी आपल्या गृहिणींचाच मार्ग धरला: शितावरून भाताची परीक्षा. मात्र शीत कोठले घ्यायचे हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर ठेवले नाही. फिनलंडमध्ये देशभर सरळ समांतर रेषा आखल्या आणि त्या रेषांवरून, वाटेत दलदल येवो की खडक, माणसे मोजीत चालली. सोयीची जागा निवडली, की हिशेब खोटा झालाच.

पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. दर खेपेस नव्या जागी गेल्यास दिसणारा फरक काळाचा की जागेचा, हे नीट उलगडत नाही. म्हणून स्वीडनने १९८३ पासून कायमचे मोजणीखंड ठेवले. ठराविक वर्षांनी त्याच जागी जायचे, तीच झाडे मोजायची. कोणते वाढले, कोणते मेले, कोणते नवे आले, हे टिपायचे. अशा खंडांच्या खुणा शक्यतो लपवाव्या लागतात. हा सरकारी मोजणीचा तुकडा आहे असे कळले, की त्याची विशेष निगा राखली जाते आणि मग तो बाकीच्या अरण्याचा प्रतिनिधी राहत नाही.

आपल्याकडेही २०१६ पासून सबंध देशावर पाच किलोमीटर बाजूच्या चौकटी आखून अशी मोजणी सुरू झाली आहे. आपल्याकडे झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेतात. हे फार क्षुल्लक वाटेल. पण एकाने कमरेशी आणि दुसऱ्याने खांद्याशी फीत लावली, तर कागदावर झाड बारीक किंवा जाड होणार! म्हणून माणसे शिकवून तयार करावी लागतात, काही खंड दुसऱ्या तुकडीकडून पुन्हा मोजवावे लागतात, आणि रीत बदलायचीच झाली तर एक फेरी जुनी आणि नवी रीत बरोबरीने चालवावी लागते. यांतले कोणतेही काम डोळ्यांत भरणारे नाही. एक फेरी चुकली, तर त्या काळात काय गेले ते पुढे कितीही पैसा ओतून परत मोजता येत नाही.

आम्हा नागरिकांचे काम यात काय? वर्तमानपत्रात ‘वनक्षेत्र वाढले’ असा मथळा आला, की हर्ष किंवा खेद करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. मागच्याच गजाने मोजले काय? वन कशाला म्हटले? आणि त्याच जागी कोणी पुन्हा जाऊन पाहिले काय? हे प्रश्न विचारणारे लोक गावोगाव असले, तरच ही मोजणी पन्नास वर्षे नेटाने चालेल. विचारणारेच नसतील, तर आकडे वाढत राहतील, आणि अरण्य कधी गेले हे आपल्या नातवंडांना कोणत्याच वहीत सापडणार नाही.