ताट ज्याचं त्याचं, डाळ सगळ्यांची

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या मेळाव्यात जेवणाचा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. भावाचं बोला, पीकविम्याचं बोला, खाण्यापिण्याचं काय घेऊन बसलात? पण गेल्या काही वर्षांत गावागावांत जी नवी भांडणं शिरली आहेत, त्यातलं एक ताटावरून आहे. कोण काय खातो यावरून माणसं एकमेकांना जोखायला लागली आहेत. हे भांडण पंगतीत आलं, शाळेच्या खिचडीत आलं, जनावरांच्या बाजारात आलं. आपण ते सुरू केलं नाही, पण त्याचे पैसे आपल्या खिशातून जातात. म्हणून आज त्यावर सरळ बोलू.

आधी आपल्या घरात काय आहे ते बघू. महाराष्ट्र शाकाहारी की मांसाहारी? केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी योजनेच्या २०१४ च्या पाहणीप्रमाणे राज्यातली पंधरा वर्षांवरची शंभर माणसं घेतली तर साधारण साठ मांसाहारी निघतात आणि चाळीस शाकाहारी. म्हणजे कोणाचाच दावा पूर्ण खरा नाही. आणि आपल्या गावातली गंमत तर या आकड्यात मावतच नाही. एकाच घरात आजोबा माळकरी असतात, त्यांच्या भांड्याला कोणी वशाटाचा हात लावत नाही. त्याच घरातला नातू आखाडात मित्रांबरोबर कोंबडं कापतो. मटण शिजतं ते वाड्यात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या गंजात. आईची चूल वेगळी राहते. श्रावण लागला की खाणारेही महिनाभर बंद करतात. कोणी सोमवार पाळतो, कोणी एकादशी. बाजाराच्या दिवशी कोणाच्या पिशवीत वांगी असतात, कोणाच्या पिशवीत बोंबील. पिढ्यान् पिढ्या हे असं चाललं आणि त्यासाठी कधी फौजदार बोलवावा लागला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र वाईट होती आणि ती झाकून ठेवायचं कारण नाही. ताटावरून माणसाची पायरी ठरवली जात होती. न खाणारा वरचा, खाणारा खालचा. ज्यांना मेलेलं जनावर ओढायला लावलं, त्यांनाच त्याचं मांस खाता म्हणून पंगतीबाहेर बसवलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ते कोणाच्या धाकाने सांगितलं नाही, आपल्या माणसांच्या स्वाभिमानासाठी सांगितलं. लोकांनीही ते स्वतःच्या बळावर सोडलं.

आपल्या वऱ्हाडातच दुसरं उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी जत्रेत देवापुढे बकरं कापण्याच्या चालीविरुद्ध आयुष्यभर कीर्तनं केली. कर्ज काढून नवस फेडणाऱ्या गरिबाला त्यांनी प्रश्न विचारून विचारून विचार करायला लावलं. हातात खराटा होता, कायद्याचं पुस्तक नव्हतं. वारकऱ्याची तुळशीची माळ तशीच. ती घालणारा स्वतःच्या मनाने घालतो. शेजाऱ्याच्या गळ्यात ती कोणी दोरी बांधून अडकवत नाही.

तिसरं उदाहरण वर्ध्याचं. सेवाग्रामचे गांधीजी पक्के शाकाहारी. तरुणपणी लंडनमध्ये शिकत असताना ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. पुढे १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूधही सोडलं. गाई-म्हशींचं जास्त दूध काढण्यासाठी फुंका घालतात, त्या क्रूरपणाची त्यांना चीड होती. आज शहरातली काही मुलं दूध, दही, तूपही खात नाहीत, स्वतःला 'व्हिगन' म्हणवतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला. गांधीजी त्याच्या तीस वर्षं आधी त्या वाटेने गेले होते. पण भारतात आल्यावर मोठ्या आजारात अंगात त्राण उरलं नाही, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, तुमची शपथ गाई-म्हशीच्या दुधाची आहे, शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं. शपथेचे शब्द राहिले पण आत्मा दुखावला, हे त्यांनी आत्मकथेत लपवलं नाही. असा माणूस, स्वतःच्या ताटाबद्दल इतका कडक, दुसऱ्याच्या ताटाबद्दल काय म्हणाला? २५ जुलै १९४७ च्या प्रार्थनासभेत, गोहत्याबंदीचा कायदा करा म्हणून तारांचा आणि पत्रांचा ढीग आलेला असताना, त्यांनी सांगितलं की असा कायदा करता येणार नाही. मी गाईची सेवा करीन, पण माझा धर्म बाकी सगळ्यांवर कसा लादू, असा त्यांचा सवाल होता.

भावांनो, ही तिन्ही माणसं मांस सोडण्याच्या बाजूने बोलणारी होती. तिघांनी माणसाचं मन वळवलं. मनाने सोडलं तर तो संयम. दुसऱ्याने सोडायला लावलं तर ती सक्ती, आणि सक्तीचं बिल कोणाला तरी भरावं लागतं. आपल्या राज्यात ते बिल कोणी भरलं?

१९७६ च्या कायद्याने राज्यात गाईच्या कत्तलीवर बंदी होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने त्यात वळू आणि बैल घातले. त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली २०१५ मध्ये आणि त्या मार्चपासून ती लागू झाली. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. मात्र परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. आपल्या घरात बसून आपल्या पसंतीचं खाणं हा माणसाच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे खाणाऱ्याला थोडा दिलासा मिळाला. बैलवाल्याला मिळाला नाही.

आपल्यातले कितीतरी जण मांसाला शिवत नाहीत. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवताना आपला हात थरथरतो. बैलाबद्दल प्रेम शिकायला आपल्याला कोणाच्या शिकवणीची गरज नाही. पण म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा गोऱ्हा घ्यायचा, ही कोरडवाहू शेतीची जुनी रीत होती. बैल दिवसाला सात-आठ किलो कडबा खातो. वर्षाचा झाला सत्तावीस क्विंटलच्या आसपास. आज तुमच्या बाजारात कडब्याचा भाव काय आहे तो लावून बघा आणि वखराला न चालणारा बैल पाच वर्षं पोसायला काय लागेल ते घरी मांडा. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख जनावरं होती, २०१९ मध्ये १ कोटी ४० लाखांच्या आसपास राहिली. ट्रॅक्टर आले, चराई गेली, गडी मिळेना, ही कारणंही आहेत. पण ज्याला शेवटी किंमत नाही ते जनावर माणूस सुरुवातीलाच घेत नाही, हे समजायला पदवी लागत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर खरेदी बंद ठेवली, कारण वाटेत गाड्या अडवणं आणि मारहाण त्यांना असह्य झालं होतं. तेव्हा बाजारात दावणीला बांधून ठेवलेली जनावरं परत घरी कोणी नेली? शेतकऱ्यांनीच. त्यात माळकरी होते तसे खाणारेही होते.

आता कोणी म्हणेल, आम्ही शाकाहारी, आम्ही फक्त पीक काढतो, मांसाशी आमचा काय संबंध? आपलं सोयाबीन कुठं जातं ते बघा. त्यातून शंभराला अठरा-वीस भाग तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. ती पेंड मोठ्या प्रमाणात कोंबडीच्या खाद्यात जाते. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी खायला चालत नाही, तिचंही गिऱ्हाईक कोंबडीवाला. आपल्या कपाशीची सरकी पेंड होऊन दुभत्या जनावरापुढे जाते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीने कोरोना होतो अशी खोटी आवई उठली. कोंबडी कवडीमोल झाली आणि पाठोपाठ मक्याची, पेंडीची मागणी पडली. ज्याने जन्मात अंडं फोडलं नाही त्याच्याही मालाला त्याचा धक्का बसला. तेव्हा खाणारा हा आपला शत्रू नाही, तो आपलं गिऱ्हाईक आहे. आणि न खाणारा तर डाळीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

शाळेतल्या अंड्याचं तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं आणि जे खात नाहीत त्यांना केळं. आमच्या मते ही व्यवस्था शहाणपणाची होती. कोणाच्या मुलाच्या तोंडात कोणी अंडं कोंबत नव्हतं. तरी विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी बंद केला. द्यायचंच तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात. ज्याच्या घरी दूध नाही, डाळ पातळ आहे, त्या मजुराच्या पोराचं ते अंडं गेलं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के रक्त कमी असलेली निघाली. घरात अशी माणसं असताना कोणाचं ताट पवित्र यावर आपण वाद घालतो आहोत.

मायबहिणींनो, आता जे सांगायचं ते मुख्यतः तुमच्यासाठी आहे, कारण घरातलं शेवटचं ताट तुमचं असतं आणि त्यात उरलंसुरलं असतं. शाकाहाराने माणूस कमजोर होतो, हे खरं नाही. अर्धवट शाकाहाराने होतो. ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, पण त्यांत लायसीन नावाचा घटक कमी असतो. तो तुरीत, मुगात, मटकीत, बरबटीत भरपूर असतो. भाकरीबरोबर घट्ट वरण आलं की दोघं मिळून काम पुरं करतात. आपल्या आज्यांना लायसीन माहीत नव्हतं, पण कपाशीत तुरीचं तास आणि ज्वारीत मुगा-उडदाचं तास त्यांना माहीत होतं. शेतात जी जोडी होती तीच ताटात होती. सोयाबीन आणि नुसती कपाशी आली, ज्वारी गेली, तिच्याबरोबर मूग-बरबटी गेली, आणि आपण डाळ दुकानातून पावशेर आणायला लागलो.

हिशेब करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत. खाणाऱ्याने त्यातला काही भाग अंडी-मांसाने भरावा. पाच माणसांच्या घराला वर्षाला हे १५५ किलो होतात. मुलं कमी खातात हे धरलं तरी दीड-दोन क्विंटल तूर आणि थोडे मूग विकायच्या आधी घरात राहायला हवेत. आपल्यापैकी किती घरांत राहतात? सगळी तूर मार्केटात आणि घरात चटणी-भाकरी, असा शाकाहार पुण्याचा नाही, तो गरिबीचा आहे. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

आणखी दोन गोष्टी. अंबाडी, तरोटा, मेथी यांतलं लोह अंगी लागायला लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. दुसरी, ब १२ हे जीवनसत्त्व झाडपाल्यात मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मांस यांतूनच येतं. माळकऱ्याने दूध-दही सोडू नये. दूधही सोडणाऱ्याने डॉक्टरला विचारून गोळी घ्यावी.

तर आम्ही कार्यकर्त्यांनी या जिल्ह्यासाठी ठरवलं आहे ते असं. एक, आपल्या कोणत्याही मेळाव्याचं जेवण शाकाहारीच राहील, कारण ते सगळ्यांना चालतं. पण त्यात डाळ घट्ट असेल, आणि घरी कोण काय खातो हे त्या पंगतीत कोणी विचारणार नाही. दोन, गावच्या शाळेत ज्या पालकांना हवं त्यांच्या मुलांना अंडं आणि बाकीच्यांना केळं मिळावं, असा ठराव ग्रामसभेत मांडायचा. सरकारच्या निधीतून मिळावं, वर्गणीतून नाही. तीन, म्हाताऱ्या बैलाचा निर्णय त्याच्या धन्याकडे परत द्या, ही मागणी आपण सोडायची नाही. ज्यांना तो जपायचा आहे त्यांनी जरूर जपावा. त्यांनी आपल्याकडून तो बाजारभावाने विकत घ्यावा आणि कडबाही आपल्याकडूनच घ्यावा.

या हंगामात कपाशीच्या पट्टीत तुरीचं तास सोडताना घरच्या डाळीचा हिशेब आधी करा. शेजारी बोंबील भाजत असेल तर खिडकी लावून घ्या. तो माळकरी असेल तर त्याच्या दारात भाजू नका. एवढं जमलं तर बाहेरून येऊन भांडण लावणाऱ्याला आपल्या गावात काम उरणार नाही.