संच गावाचा, संच घराचा



शिक्षण आणि संपर्कजाळे यांचा विचार बहुधा आजच्या मोबाइलपासून सुरू केला जातो. तसे केले की चर्चा यंत्राच्या नवलाईत रमते आणि मूळ आर्थिक प्रश्न बाजूला पडतो. म्हणून थोडे मागे, १९७५ सालापर्यंत, जाणे इष्ट ठरेल.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचविली. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग विक्रम साराभाई यांच्या कल्पनेतून निघाला होता व त्याच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती. सकाळी शाळकरी मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी प्रौढांसाठी अडीच तास असे कार्यक्रम होत. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात जाळीची मोठी छत्री आणि एक संच, एवढाच सरंजाम. वीज नसलेल्या काही गावांत तो बॅटरीवर चाले. हा काळ आणीबाणीचा होता, प्रसारणावर शासनाची मक्तेदारी होती आणि समाजवादी चळवळीतील कित्येक कार्यकर्ते तुरुंगात होते. त्या प्रयोगाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्यातील एक गोष्ट मात्र मोलाची होती. संच गावाचा होता. तो पाहण्यासाठी कोणाच्याही बापाला काही विकत घ्यावे लागत नव्हते.

अर्थशास्त्रात अशा सेवेचे एक वैशिष्ट्य सांगितले जाते. धडा एकदा तयार झाला की तो हजार मुलांना दाखविला काय आणि कोटी मुलांना दाखविला काय, पाठविणाऱ्याच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. यावरूनच तंत्रज्ञान विषमता मिटवील, असा आशावाद निर्माण होतो. त्यात एक खोट आहे. पाठविण्याचा खर्च शून्याकडे जात असला तरी ग्रहण करण्याचा खर्च शून्य होत नाही. यंत्र, डेटा, वीज, घरात बसायला एक निवांत कोपरा आणि मूल अडले तर सांगणारे शहाणे माणूस, हे सारे कोणीतरी पुरवावेच लागते. १९७५ मध्ये त्यातील यंत्र तरी शासनाने पुरविले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा सारा खर्च कुटुंबांवर ढकलला गेला, आणि तो ढकलण्यासाठी ना कायदा करावा लागला, ना लोकसभेत चर्चा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा अस्तित्वात असताना हे घडले.

कुटुंबांची ऐपत किती होती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भागात १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरी भागात ४२ टक्के. संगणक ग्रामीण भागातील ४.४ टक्के घरांत होता. त्यानंतर फोन झपाट्याने पसरले, हे खरे. ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हा आकडा ६१.८ झाला, असे ‘असर’ पाहणी सांगते. पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे यांत अंतर आहे. बाप सकाळी कामावर जातो तेव्हा शाळा त्याच्या खिशातून निघून जाते. त्याच पाहणीच्या २०२२ च्या फेरीत तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता त्यांचे प्रमाण २०.५ टक्के होते. २०१८ मध्ये ते २७ टक्क्यांच्या आसपास होते. शाळा भरू लागल्यानंतर, २०२४ मध्ये, ते पुन्हा २७ टक्क्यांवर आले. फोन वाढत असताना वाचन घटले आणि शाळा उघडल्यावर सावरले. मुलींची गोष्ट आणखी निराळी. २०२४ मध्ये फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले तेव्हा शेतकऱ्याच्या घामातून जमणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी ठणकावून सांगितले होते. विद्या वरून खाली झिरपत येईल हे तत्त्व त्यांनी नाकारले. आज उपग्रह आणि तारांच्या जाळ्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो आणि त्याचा पुरेपूर लाभ ज्याच्या घरी यंत्र, जागा व शिकलेले आईबाप आहेत त्यालाच मिळतो. झिरपण्याचा सिद्धांत नव्या वेषात परतला आहे.

केरळने निराळी वाट चोखाळली. १ जून २०२० पासून तेथे धडे ‘व्हिक्टर्स’ या सार्वजनिक वाहिनीवरून दाखविले गेले आणि ज्यांच्या घरी संच नव्हता त्यांच्यासाठी ग्रंथालयांसारख्या सार्वजनिक ठिकाणी सोय करण्यात आली. तेथेही त्रुटी राहिल्या. तथापि त्या राज्यात ग्रंथालय चळवळ मुळात जिवंत होती, म्हणूनच हे सुचले आणि साधले.

महाराष्ट्रात २०१५ नंतर जिल्हा परिषदांच्या असंख्य शाळा ‘डिजिटल’ झाल्या. त्यासाठीचे प्रोजेक्टर आणि संगणक बव्हंशी शिक्षकांनी गावोगाव हिंडून लोकवर्गणीतून उभे केले, हा त्या शिक्षकांचा व गावांचा मोठेपणा. पुढे बिल थकल्यामुळे शाळांची वीज तोडल्याच्या बातम्याही वेळोवेळी आल्या. तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मागवून पाहावे. शाळांच्या वीजबिलासाठी, यंत्राच्या दुरुस्तीसाठी आणि संध्याकाळी गावातील मुलांना ते यंत्र वापरता यावे म्हणून शाळा उघडी ठेवणाऱ्या माणसाच्या पगारासाठी त्यात किती रक्कम धरली आहे, हे सभेत विचारावे.