पोट लहान झालं, आग्रह तेवढाच राहिला

(लिंबागणेश, जि. बीड इथं तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मला आरोग्यावर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण तीन वर्षांपूर्वी माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी म्हणतात त्याला. बरेच दिवस मी ही गोष्ट लपवली. कुणी विचारलं तर 'शुगरमुळं उतरलेय' असं सांगायची. आता लपवत नाही. कारण गेल्या वर्षभरात नात्यातल्या चार-पाच मुलामुलींनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला : "आपा, ऑपरेशन झालं की मग खाण्याचं काही बघावं लागत नाही ना?"

त्याचं उत्तर आज सगळ्यांसमोर देते. बघावं लागतं. रोज, प्रत्येक घासाला आणि आयुष्यभर. आणि ते एकटीनं जमत नाही, सगळ्या घराला शिकावं लागतं.

या ऑपरेशनची बातमी आपण दोनदा मोठ्यानं ऐकली. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं तेव्हा, आणि २०१७ मध्ये इजिप्तहून इमान अहमद या मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आल्या तेव्हा. इमान यांचं वजन किती होतं, किती उतरलं, याचे आकडे रोज टीव्हीवर यायचे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचं निधन झालं. त्या सगळ्या बातम्यांमधून आपल्या लक्षात राहिले ते फक्त किलो. ऑपरेशननंतर माणूस जेवतो कसा, थांबतो कसा, हे आपण कुणी विचारलंच नाही.

माझं ऑपरेशन 'स्लीव्ह'चं. यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. साध्या जठरात लिटरभर अन्न सहज मावतं. या नळीत सुरुवातीला शंभर-दीडशे मिली, म्हणजे आपली एक लहान वाटी. दुसरा प्रकार 'बायपास'चा. त्यात अंड्याएवढी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं एक हार्मोन आहे. ते जठराच्या ज्या भागात जास्त तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये निघून जातो. म्हणून पहिले काही महिने भूकच लागत नाही. लोकांना वाटतं, सुटलो! पण त्या काही महिन्यांत नव्या सवयी लावून घ्यायच्या असतात. भूक पुढं हळूहळू परत येते.

पहिले दोन आठवडे मी फक्त पातळ घेत होते. गाळलेली यखनी, ताक, डाळीचं पाणी, तेही घोट घोट. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. साधं जेवण सुरू व्हायला दोन महिने गेले. आज मी कशी जेवते ते सांगते. ताट मोठं नाही, चहाच्या बशीपेक्षा थोडी मोठी प्लेट. आधी प्रथिनं : अंडं, चिकनचे दोन-तीन तुकडे, मासा, पनीर किंवा घट्ट डाळ. मग भाजी. भात-भाकरी सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. आपल्या घरात नेमकं उलटं असतं. भाकरी आणि भात पोटभर, बोटी वाट्याला येईल तेवढी. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जावीत असं डॉक्टर सांगतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात. हिशेब केला की कळतं, भातानं पोट भरून चालणारच नाही.

घास लहान. लेकराला भरवतो तेवढा. तो तोंडातच पातळ होईपर्यंत चावायचा. दोन घासांमध्ये थोडं थांबायचं. जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं द्यायची. जेवताना पाणी नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. पाणी दिवसभरात दीड लिटर तरी प्यायचं, पण घोटाघोटानं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट, थांबायचं कधी? पूर्वी माझं पोट भरायचं तेव्हा कंबर सैल करावी लागायची, तेव्हा कळायचं की झालं. आता तसं नाही. छातीच्या हाडाखाली थोडासा दाब येतो. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाचं नाक वाहायला लागतं. माझं नाक वाहतं. ती खूण आली की पुढचा घास घ्यायचा नाही. हातात असेल तर खाली ठेवायचा. तो एक घास गेला, की पुढचा तासभर फक्त त्रास.

हे मला कळलं एका वलीम्यात. ऑपरेशनला तीन महिने झाले होते. पंगतीत माझी फुफी वाढत होती. मी म्हणाले, "फुफी, बस झालं." फुफी म्हणाली, "अगं, एवढ्यानं काय होतंय? चिमणीएवढं खाल्लंस. माझ्या हातचं खाणार नाहीस का?" मी बिर्याणीचे दोन घास जास्त खाल्ले. कोरडा भात, घाईत. वरून कुणीतरी सरबताचा ग्लास दिला, तोही प्यायले. पाच मिनिटांत छातीत कळ आली. घाम, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी. मांडवामागं जाऊन उलट्या केल्या. बायका म्हणायला लागल्या, ऑपरेशन बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. भात अडकला होता आणि सरबतातली साखर एकदम आतड्यात उतरली होती.

मी फुफीवर चिडले. नंतर विचार केला. फुफीनं १९७२चा दुष्काळ पाहिलाय. दुष्काळी कामावर दगड फोडून मिळालेल्या सुकडीवर दिवस काढलेत तिनं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या किती घरांनी ते दिवस पाहिले! आजही ऊसतोडीला गेलेली माणसं पहाटे बांधलेली भाकरी दुपारी फडात खातात. ज्यांनी भूक पाहिली त्यांच्यासाठी समोरच्याला पोटभर वाढणं हेच प्रेम. ते चुकीचं नाही. पण ते प्रेम आता दुसऱ्या रीतीनं दाखवायला शिकलं पाहिजे.

घरी गेल्यावर मी फुफीला फोन केला. सांगितलं, "फुफी, तुमच्या हातचं मला खायचंय. पण एक वाटी. ती वाटी तुम्हीच भरा, आणि दुसऱ्यांदा विचारू नका." त्यानंतर फुफी कुठल्याही दावतीत स्वतः माझ्यासाठी एक वाटी बाजूला काढते, आणि दुसरी कुणी वाढायला आली की तीच तिला थांबवते. माझं ऑपरेशन खऱ्या अर्थानं यशस्वी झालं ते त्या दिवशी.

दुसरी अडचण बायकांची आहे. आपल्याकडे बाई शेवटी जेवते. लेकरांच्या ताटात उरलेलं, पातेल्याला लागलेलं, सगळं तिच्या पोटात. रिज्क वाया घालवायचं नाही ही शिकवण चांगली आहे, मी तीच मानते. पण उरलेलं पोटात टाकणं म्हणजे वाचवणं नव्हे. माझं वजन ११८ किलो झालं होतं, त्यातले किती किलो लेकरांच्या ताटातले होते, अल्लाहच जाणे. आता आमच्या घरी प्रत्येक जण कमी वाढून घेतो आणि लागलं तर पुन्हा घेतो. उरलं तर डब्यात. आणि मी पहिल्या पंगतीत बसते. सासूबाईंना सुरुवातीला ते रुचलं नाही. पण मी सगळ्यांचं झाल्यावर घाईघाईत उभ्यानं खाल्लं की मला उलटी व्हायची, हे त्यांनी स्वतः पाहिलं. आता त्याच हाक मारतात.

रमजानबद्दल बोलते, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून सांगितलं. दिवसभर पाणी बंद ठेवलं असतं तर मला ते रात्रीत भरून काढताच आलं नसतं. एका वेळी दोन-चार घोटांपेक्षा जास्त जातच नव्हतं. आजारी माणसाला दीननं सवलत दिली आहे. नंतर कजा ठेवता येतो, आणि ज्याला कधीच शक्य नाही त्याच्यासाठी फिदया आहे. तरी मोहल्ल्यात बोलणं झालंच. 'बारीक व्हायला ऑपरेशन केलं आणि रोजे सोडले.' तरुणांनो, अशी टीका तुमच्या कानावर आली तर गप्प बसू नका. आजाऱ्याला मिळालेली सवलत काढून घ्यायचा हक्क मोहल्ल्याला कुणी दिला?

दुसऱ्या वर्षी रक्ताच्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी हो म्हटलं, मग रोजे ठेवले. इफ्तारला एक खजूर आणि चार घोट पाणी. मग मगरिबची नमाज. तो अर्धा तास माझ्या पोटाला हवाच असतो. त्यानंतर डाळ आणि अंडं किंवा चिकन. भजी-समोसे नाहीत, सरबत नाही. तरावीहच्या आधी आणि नंतर थोडं थोडं पाणी, झोपण्याआधी वाटीभर दही. सहरला अंडं आणि दालच्यात कुस्करलेली अर्धी भाकरी. ज्यांना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

आता माझी चूक सांगते. दहाव्या महिन्यापर्यंत वजन ७४ वर आलं. सगळे कौतुक करत होते. मग चहाबरोबर दोन बिस्किटं, शाळेत मधल्या सुट्टीत मूठभर शेव, संध्याकाळी आइस्क्रीम असं सुरू झालं. गंमत बघा, चिकनचे चार तुकडे खाल्ले की पोट 'बस' म्हणतं, पण बिस्किट आणि आइस्क्रीम विरघळून सरळ खाली उतरतं. पोट भरल्याची खूण येतच नाही. दिवसभर तोंड चालू ठेवलं तर लहान पोट काहीच वाचवत नाही. पाच किलो परत आले. आज मी ७९ वर आहे. दिवसातून ठरलेल्या वेळी खाते, मध्ये फक्त पाणी. ऑपरेशन एका वेळचा घास कमी करतं. दिवसभर चरणं आपल्यालाच थांबवावं लागतं.

गोळ्यांचंही सांगते. एवढं कमी खाऊन शरीराला लागणारं सगळं मिळत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे कायम घ्यावं लागतं आणि रक्त नियमित तपासावं लागतं. कॅप्सूलच्या जिलेटिनची शंका असेल तर गोळी किंवा शाकाहारी कॅप्सूल मागा, पण औषध सोडू नका. आणि उलट्या थांबतच नसतील तर 'ऑपरेशनमध्ये होतंच असं' म्हणून घरी बसू नका. बी-१ कमी झालं तर मेंदूला आणि नसांना इजा होते. लगेच दवाखाना गाठा.

शेवटी एक गोष्ट, खास मुलींच्या आईवडिलांसाठी. मागच्या महिन्यात एक ओळखीच्या बाई आल्या. मुलगी बावीस वर्षांची. म्हणाल्या, "रिश्ते परत जातायत. निकाहच्या आधी ऑपरेशन उरकून टाकावं म्हणते." मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली. मी त्यांना विचारलं, निकाहनंतर दोन महिन्यांतच सगळे 'काही खुशखबर?' विचारायला लागतील, तेव्हा काय सांगणार? कारण या ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भ राहू देऊ नये असा डॉक्टरांचा सल्ला असतो. सासरच्यांना ऑपरेशन माहीतच नसेल तर ही मुलगी पंगतीत प्रत्येक घासाला खोटं बोलणार, उलट्या लपवणार, गोळ्या लपवणार. हे ऑपरेशन शुगर, बीपी, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास अशा आजारांसाठी आहे. गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील, करायचं की नाही ते ती मुलगी ठरवेल. रिश्ता घेऊन येणाऱ्यानं ते ठरवू नये.

आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण लहानपणी सगळ्यांनी ऐकली आहे : पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला. मीही ऐकली होती, वर्गात मुलांना सांगितलीही होती. पाळायला लागले ते ऑपरेशननंतर. तुम्हाला त्यासाठी ऑपरेशनची वाट बघायची गरज नाही.

जाताना एवढंच मागते. आज इथं जेवण आहे. वाढणाऱ्यांनी एकदा विचारा. समोरच्यानं 'बस' म्हटलं की चमचा मागं घ्या. त्याच्या पोटात काय चाललंय ते तुम्हाला माहीत नसतं. आणि तुमच्यापैकी कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल आणि लपवून ठेवलं असेल, तर जेवताना माझ्या शेजारी येऊन बसा. आपण दोघी हळूहळू जेवू.