कान्हेरीची वाट आणि आपण

(वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी. ए. झालो आणि बँकेच्या खिडकीमागे बसलो. पण गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल कान्हेरीला गेली होती, तिच्यातली एक गोष्ट मला अजून सलते आहे. ती आपल्याच माणसांत बोलावी म्हणून उभा आहे.

बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंत 6-7 किलोमीटर आहे. बस मिळत होती, तरी मुले चालतच निघाली. मुंबईसारख्या शहरात, लोकल गाड्यांचा आवाज ऐकू येतो तिथून तासाभरात माणूस अरण्यात पोहोचतो, हे भाग्य किती शहरांच्या वाट्याला येते? वर पोहोचलो, वंदना झाली, जेवणे झाली. परत निघताना पहारेकऱ्याने मला बाजूला बोलावले. पाण्याच्या एका टाक्याशेजारी, कातळावर, टोकदार दगडाने ताजे ‘जय भीम’ कोरलेले होते आणि खाली आपल्या एका विद्यार्थ्याचे नाव. पहारेकरी एवढेच म्हणाला, “साहेब, ही मुलं तुमचीच ना?”

मी मुलाला विचारले. तो घाबरला नाही. म्हणाला, “सर, ही लेणी आपलीच आहेत ना? आणि पूर्वीच्या लोकांनीपण नावं कोरलीच आहेत की.”

खरे सांगतो, मला तिथे चटकन उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर सुचले, ते आज देतो.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांत पुष्कळ शिलालेख आहेत. कल्याण, सोपारा, चौल इथले व्यापारी, सोनार, गृहस्थ, भिक्खुणी यांची नावे त्यांत येतात. पण नाव एकटे येत नाही. अमक्याने लेणे दिले, अमक्याने पोढी दिली. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. डोंगरावर पडणारा पाऊस कातळात खोदलेल्या पन्हळींतून या टाक्यांत उतरे आणि त्यावर भिक्खुसंघ उन्हाळा काढी. त्यांनी आधी पाणी दिले, मग नाव लिहिले. आपण पाणी पिऊन बाटली टाक्यात टाकली आणि वर नाव लिहिले! प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा कृत्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. पहारेकऱ्याने मुलाला समज देऊन सोडले, हे त्याचे उपकार.

आता ‘आपलीच आहेत’ याविषयी. मित्रांनो, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक पाणवठा हे शब्द आपण फुकट शिकलेलो नाही. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, ते कशासाठी, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापराला मज्जाव करता येणार नाही, असे लिहिले गेले. ज्यांना वाट नाकारली गेली त्यांनी ती घाण करावी, हे मला सहन होत नाही. इतर सहली कचरा करतात, त्यांना का नाही बोलत, असे कुणी म्हणेल. बोलतो. पण घरात आधी बोलतो.

वर्षावास चालू आहे म्हणून एक आठवण देतो. हा नियम कसा आला? पावसाळ्यात फिरणारे भिक्खू कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती ऐकली आणि भिक्खूंना पावसात एका जागी थांबायला सांगितले. विनयात तर हिरवळीवर आणि पाण्यात थुंकू नये, असाही नियम आहे. आम्ही मात्र चिखल टाळण्यासाठी पायवाट सोडून कडेच्या गवतातून चालतो. मागचा त्याच्याही पलीकडून जातो. हातभर वाट वावभर होते, गवत मरते, मुळे उघडी पडतात आणि पुढच्या पावसात माती ओढ्याला जाते. त्या डोंगरांतच तुळशी आणि विहार हे तलाव आहेत. 1860 साली बांधलेला विहार आणि 1879 चा तुळशी आजही मुंबईला पाणी देतात. बूट भरले तर भरू द्यावेत, घरी धुता येतात.

उरलेल्या अन्नाचेही तसेच. आपल्या भगिनी दयेने माकडांना केळी देतात, मग तीच माकडे पोरांच्या हातातली पिशवी ओढतात. उष्ट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीकडे येतो. 2004 साली या उद्यानाच्या आसपास बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. कारणे अनेक होती. दुसरीकडे पकडलेले बिबटे तिथे आणून सोडणे हेही एक मानले जाते. पण कचरा आणि कुत्री हे कारण आपल्या हातातले आहे. आपण संध्याकाळी घरी येतो. जंगलातल्या पाड्यांवरचे वारली बांधव तिथेच झोपतात, त्यांची मुले त्याच वाटेने शाळेत जातात.

वाळल्या गवतात विडी-सिगारेट नको, मोबाईलवर मोठ्याने गाणी नकोत, हे मोठ्या माणसांना वेगळे सांगायला नको. (सांगावे लागते, हा भाग वेगळा.)

बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कॅशियरला घरी जाता येत नाही. पुढच्या सहलीला मी प्रवेशद्वारावर वही घेऊन बसणार आहे. किती बाटल्या, किती डबे, किती पिशव्या आत गेल्या ते लिहीन आणि परतताना मोजून घेईन. थर्माकोलच्या पत्रावळी नकोत, प्रत्येकाने घरून ताट आणावे. सोमवारी उद्यान बंद असते, म्हणून रविवारच ठरवू. ज्या विद्यार्थ्याने नाव कोरले, तो या सभेत बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. वही सांभाळायला माझ्याबरोबर तोच बसणार आहे, त्याने स्वतः होकार दिला आहे. आणखी दोघे हवेत, सभा संपल्यावर मला भेटावे.

जय भीम!