बाईंची दैनंदिनी आणि आपली सुई

(महासंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. सभेला येऊ न शकलेल्या गटांच्या आग्रहावरून इथे छापत आहोत.)



आज मला १५ मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे शाळेतल्या बाईंची वही. विषय ऐकून मागच्या रांगेत हसू आलं, ते मी पाहिलं! पण ऐका. उन्हाळ्यात आपण काय करतो? पापड, कुरडया, शेवया, मसाला. नांदेडकडच्या गटाचं तेच, लातूरकडच्या गटाचंही तेच. प्रदर्शनात एका ओळीत १० टेबलं लागतात आणि दहाही टेबलांवर पापड. मग भाव पाडायचा कोणी, यावरून आपल्याच बहिणींत तोंडं वाकडी होतात. पापड बंद करा असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे किंवा हातात टाका आहे, त्यांच्यासाठी गावातच एक गिऱ्हाईक आहे, एवढंच सांगायचं आहे. ते गिऱ्हाईक रोज एसटीनं नाहीतर स्कूटीनं आपल्या गावात येतं आणि संध्याकाळी परत जातं.

आता ही वही म्हणजे काय? शिक्षकांकडे दैनंदिनी असते, टाचण वही असते. आज कोणता तास, कोणता धडा, काय शिकवलं, काय राहिलं, कोणतं पोरगं किती दिवस आलं नाही, कोणाच्या पालकांना भेटायचं, ते सगळं त्यात. वर्षाचं नियोजन, महिन्याचं नियोजन, चाचण्यांच्या तारखा. बरीच माहिती आता मोबाइलवर भरावी लागते, तरी हातानं लिहायची वही काही सुटलेली नाही. जूनमध्ये कोरी असलेली वही एप्रिलपर्यंत फुगून दुप्पट होते. कोपरे दुमडतात, पुट्ठा निघतो, डब्यातलं तेल लागतं, मधे खोचलेली परिपत्रकं गळून पडतात.

आपल्याला या वहीची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पाच सूत्रं आहेत. पाचवं सूत्र नोंदींचं. वही चोख नसेल तर बँकेचा साहेब गटाला दारात उभा करत नाही. तसंच बाईंचं आहे. मुख्याध्यापक वही बघतात, केंद्रप्रमुख आले की तेही बघतात.

म्हणून पहिला नियम. सजवायचं ते वहीच्या बाहेरून. आतल्या ज्या पानावर नोंद आणि सही होते, त्या पानावर आपण ना रंग लावायचा, ना टिकली. जागा आपली कोणती? कव्हर, खूणपट्टी, पेनाचा फासा, कागद ठेवायचा कप्पा आणि महिन्यांच्या कानपट्ट्या. एवढ्या पाच वस्तू नीट केल्या तरी पुष्कळ झालं.

आता हातातल्या कलेकडे येऊ. वाकळ शिवताना जो धावदोरा घालतो, तो कव्हरवर घातला की कापड भक्कम होतं आणि दिसतंही सुंदर. जुन्या लुगड्याचे काठ आहेत. कर्नाटकाच्या सीमेकडच्या गावांत इरकल आहे, खण आहे. किनवट, माहूर, मुखेड, कंधार या भागातल्या तांड्यांवरच्या बहिणी इथे बसल्या आहेत. त्यांच्या फेटिया-कांचळीवरचं भरतकाम, आरसे, कवड्या आपल्याला शिकवायला कोणी बाहेरून यायची गरज नाही.

पण तांड्यावरच्या मावश्यांना एक हात जोडून विनंती. आजीची जुनी कांचळी कापून कव्हरला लावू नका. ती एकदा कापली की गेली. तिच्यावरचा टाका बघून नवीन पट्टी भरा आणि ज्या बाईनं भरली तिला त्या पट्टीचे पैसे वेगळे द्या. शिवणारी एक आणि भरणारी दुसरी असेल तर हिशोबात दोघींची नावं हवीत. आणि आरसे-कवड्या भरगच्च लावल्या की वही पिशवीत अडकते, साडीचे धागे ओढते. दोन बोटं रुंदीची पट्टी पुढच्या कोपऱ्याला, बस्स.

कापडाचं म्हणाल तर सुती घ्या. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यासाठीची खादी आपल्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणली जाते. म्हणजे देशाच्या झेंड्याचं कापड आपल्या दारातलं आहे! झेंड्याची लांबी-रुंदी ३ ला २ अशी ठरलेली असते, त्यात फरक चालत नाही. मापाची ती शिस्त आपण उचलू. मात्र तिरंग्यासारखं कव्हर शिवू नका. झेंड्याचा मान राखण्यासाठी १९७१ चा कायदा आहे, आणि डब्याशेजारी पिशवीत तिरंगा कोंबलेला आपल्यालाही बरा वाटणार नाही.

माप घेऊ. वही मिटलेली असताना घ्यायचं, उघडून नाही. समजा वही ८ इंच रुंद, ११ इंच उंच आणि १ इंच जाड आहे. पुढचं ८, मागचं ८, पाठीचा १, झाले १७. वही वर्षभरात फुगणार, म्हणून अर्धा इंच ढिलाई. दोन्हीकडे आत मुडपायला ३-३ इंच, म्हणजे ६. शिलाईला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा. बेरीज साडेचोवीस. उंचीचं तसंच. ११, ढिलाई अर्धा, शिलाई १, म्हणजे साडेबारा. ३६ इंच पन्ह्याच्या १ मीटर कापडात अशी ३ कव्हरं बसतात. दोन उभी, एक आडवं. वर जी पट्टी उरते तिच्यात कप्पे निघतात. आधी वर्तमानपत्रावर कापून बघा, मग कापडाला कात्री लावा.

कापड कापायच्या आधी धुऊन घ्यायचं. सुती कापड आटतं. लाल, हिरवा खण असेल तर ओलं पांढरं फडकं त्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वापरू नका, नाहीतर बाईंच्या वर्षभराच्या नोंदी गुलाबी होतील. कव्हर नेहमी काढता-घालता येईल असंच करा. त्यामुळे ते धुता येतं आणि पुढच्या जूनमध्ये त्याच मापाच्या नव्या वहीला चढतं.

पेनाचे फासे दोन हवेत, कारण बाईंच्या हातात निळा पेन असतो आणि वह्या तपासायला लाल. इलॅस्टिक जाड पेनावर मापून घ्या. कप्पा पुढच्या बाजूला आतून, रजेचा अर्ज दुमडून बसेल एवढा. खूणपट्टीला दोऱ्याची तीनपदरी वेणी घाला, वहीच्या उंचीपेक्षा ४ इंच लांब, खाली छोटा गोंडा.

कानपट्ट्यांची युक्ती मला फार आवडते. जून ते एप्रिल किती महिने? ११. वहीची उंची किती? ११ इंच. म्हणजे एकेका महिन्याला एकेक इंच, वरून खाली पायऱ्यांसारख्या. जाड कागद विकत आणू नका. लग्नसराईत घरोघरी पत्रिकांचा ढीग पडतो, तो वापरा. गणपतीचं, देवाचं चित्र असलेला भाग बाजूला ठेवा, बाकीचा कापा. पट्टी पानाच्या बाहेर पाव इंचच येऊ द्या. डिंक लावून वजनाखाली रात्रभर ठेवा. महिन्यांची नावं गटातल्या ज्या पोरीचं अक्षर चांगलं, तिच्याकडून लिहून घ्या आणि तिलाही त्याचे पैसे द्या.

आता मी जिच्यासाठी खरं उभी राहिले ती गोष्ट, किंमत. कोणत्याही गटात विचारा, ‘ताई, हे कितीला देणार?’ उत्तर येतं, ‘काय की बाई, घरचंच तर कापड आहे, द्या की १०० रुपये.’ चला, या १०० रुपयांचा हिशोब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजाराप्रमाणे बदला.

वरचं कापड मीटरला १२०, म्हणजे एका कव्हरला ४०. अस्तर मीटरला ६०, म्हणजे २०. दोरा, इलॅस्टिक, बटण १२. मशीनचं तेल-सुई, लाइट, एखादं बिघडलेलं कव्हर यांचे १०. बाजाराला जाण्या-येण्याचे वाट्याला ८. झाले ९० रुपये. आता १०० ला विकलं तर हातात किती? १० रुपये. काम किती वेळाचं? कापणं, शिवणं, टाका घालणं धरून अडीच तास. अडीच तासांचे १० रुपये! सोयाबीनच्या खुरपणीला कोणी तुम्हाला तासाला ४ रुपये देऊ केले तर तुम्ही त्याला बांधावरून हाकलून द्याल.

समजा खुरपणीची मजुरी ८ तासांना ३०० रुपये आहे. तासाला साडेसदतीस, अडीच तासांचे ९४. खर्चाचे ९० आणि मजुरीचे ९४, झाले १८४. गटाला १६ ठेवा. किंमत आली २०० रुपये. हे मागताना मान खाली घालायचं कारण नाही. कोणी म्हणालं ‘महाग आहे’, तर कागदावर हाच हिशोब दाखवा. परवडत नसेल तर साधी खूणपट्टी किंवा नुसत्या कानपट्ट्या घ्या म्हणा, त्यांचीही किंमत अशीच काढा. पण कव्हर १०० ला देऊ नका. एकीनं दिलं की उद्या सगळ्या जणींना तोच भाव मिळतो.

पहिल्या खेपेला १० कव्हरंच करा. कापड, अस्तर, दोरा-बटणाला ७२० रुपये लागतील. गटाच्या अंतर्गत कर्जातून घ्या, नोंद करा आणि विकल्यावर फेडा. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी. उधारी शाळेतही नको. ‘पगार झाल्यावर देते’ हे वाक्य गोड असतं, पण दोऱ्याचा दुकानदार पगाराची वाट बघत नाही.

वेळेचं गणित असं. शाळा जूनच्या मध्याला भरते. १ मे ला निकाल लागला की शिक्षक आपापल्या गावी जातात. म्हणून नमुना मार्चमध्ये दाखवा, ऑर्डर एप्रिलमध्ये घ्या, शिवणकाम मेमध्ये उरका. पेरणी सुरू झाली की आपल्याला मान वर करायला सवड नसते. दुसरी संधी ५ सप्टेंबरची, शिक्षक दिनाची. तिसरी ३ जानेवारीची, सावित्रीबाईंच्या जयंतीची. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. म्हणून आज आपल्या पोरी शाळेत जातात आणि आपल्यातल्या कितीतरी जणी अंगठा सोडून सही करतात. त्या दिवशी एखादं कव्हर गटाकडून शाळेच्या वाचनालयातल्या रजिस्टरला घाला. तेवढं एक फुकट चालेल.

बाकी फुकट नको. विशेषतः ज्या बाईंच्या वर्गात आपलं लेकरू आहे, त्यांना भेट म्हणून देऊ नका. बाईंना संकोच होतो आणि शेजारीण म्हणते, ‘हिच्या पोराचे मार्क बघा कसे वाढले.’ मुलांच्या हाती वस्तू देऊन वर्गात विकायलाही पाठवू नका. सुट्टीच्या वेळेत दोघी जणी जा, मुख्याध्यापकांना विचारा, नमुना टेबलावर ठेवा. आणि विकायच्या आधी विचारा, ‘बाई, वहीचा कशाचा त्रास होतो?’ एक म्हणेल चष्मा ठेवायला जागा नाही, दुसरी म्हणेल छड्या-खडू नको, औषधाच्या गोळ्यांना कप्पा हवा. ते ऐकून जे शिवाल ते शहरातल्या दुकानात मिळणार नाही. आपला धंदा त्यावर चालेल.

शेवटचं. पहिलं कव्हर कोणासाठी शिवायचं? शाळेसाठी नको. आपल्या गटाच्या ठराव वहीसाठी शिवा. माप चुकलं तर तिथे चुकू दे. महिनाभर वापरा, फासा सैल होतो का, रंग जातो का, कोपरा फाटतो का ते बघा. मग पुढचं ठरवा. पुढच्या मासिक सभेला प्रत्येक ग्रामसंघानं एक कव्हर घातलेली ठराव वही आणि सोबत हिशोबाचा कागद आणायचा आहे. कागदावर मजुरीची ओळ नसेल तर मी वही परत करणार, आधीच सांगून ठेवते.

इंची टेप नसेल त्यांनी जाताना माझ्याकडून कागदाचं कापीव माप घेऊन जा.