मुलांचा मधुमेह आणि विषाणू
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मधुमेहावर बोलायचे ठरले तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, "साखर कमी खा, एवढे सांगा म्हणजे झाले!" परंतु लहानपणीही जडणारा टाइप १ मधुमेह निराळा. तो लाडू-पेढ्यांनी होत नाही. घरात असे मूल निघाले की "आईने फार लाड केले" असे जे बोलतात, ते साफ चूक आहे.

या रोगात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. आनुवंशिक कल असतो खरा. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. मग ठिणगी पडते कोठून?

विषाणूंवरचा संशय जुना आहे. १८६४ साली नॉर्वेत गालगुंडांनंतर मधुमेह झाल्याची नोंद झाली. १९७९ मध्ये अमेरिकेत मधुमेहाने दगावलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी४ हा विषाणू मिळाला. तो उंदरांना टोचताच त्यांतही मधुमेह दिसला. (कॉक्सॅकी हे न्यूयॉर्क राज्यातील हडसनकाठचे गाव. बिचाऱ्या गावाचे नाव रोगजंतूला चिकटले!) पुढे अमेरिका व युरोपातील मुलांची शी वर्षानुवर्षे तपासली गेली. २०१९ साली निष्कर्ष आला, की हे विषाणू पोटात दीर्घकाळ ठाण मांडतात तेव्हा पेशींवरील हल्ल्याशी त्यांचा संबंध दिसतो; चार दिवसांच्या आजाराशी तसा दिसत नाही. २०२३ मध्ये नॉर्वेतून कळले, की नव्याने मधुमेह झालेल्या मुलांना सहा महिने विषाणुरोधक औषधे दिल्यावर वर्षअखेर त्यांचे स्वतःचे इन्शुलिन थोडे अधिक टिकले. रोग मात्र हटला नाही.

यावरून मधुमेह स्पर्शाने होतो, असे मात्र कोणी समजू नये! हे विषाणू जवळजवळ प्रत्येक मुलाला कधी ना कधी गाठतात; मधुमेह होतो फार थोड्यांना. शेजारच्या मधुमेही मुलीबरोबर आपली मुले खुशाल खेळू द्यावीत, एका ताटात जेवू द्यावीत.

मूल सारखे पाणी मागू लागले, लघवीला फेऱ्या वाढल्या, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले होऊ लागले, अंग उतरले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या. उलट्या आणि धाप असल्यास थेट रुग्णालय गाठा. इन्शुलिन सुरू झाल्यावर काढ्यांचा आग्रह करणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या सांगण्यावरून सुई एक दिवसही बंद करू नका.